काठाची टोपी आणि मराठवाड्याचं ऊन

पुरुषांची काठाची हॅट पुन्हा फॅशनमध्ये येईल का, असं हिंगोलीच्या मोंढ्यात कुणाला विचारलं तर आधी उलटा प्रश्न येईल : आली कधी होती? प्रश्न रास्त आहे. लंडन-न्यूयॉर्कात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॅटशिवाय घराबाहेर पडणारा पुरुष एक तर वेंधळा समजला जाई किंवा कंगाल. तिथे हॅट परत येण्याची वाट पाहणारे लोक आहेत आणि त्यांच्या वाट पाहण्याला काही अर्थ आहे. आपल्याकडे ती साहेबाच्या डोक्यावर बसून आली आणि साहेबाबरोबरच गेली.

पुढच्या पानांत मराठवाड्यातल्या पुरुषांच्या डोक्यावर काय काय होतं, ते कुणी शिवलं, कुणी बांधलं आणि कधी उतरलं, याचा मागोवा आहे. मुंडासं, पटका, रुमी टोपी, गांधी टोपी यांना त्यात जागा मिळाली आहे. काठाच्या हॅटला मिळालेली नाही, आणि ते योग्यच झालं. तिचा इथला इतिहास एका प्रकरणाएवढा नाही. पण प्रस्तावनेएवढा नक्की आहे. शिवाय जे रुजलं नाही ते का रुजलं नाही, हे पाहिलं की जे रुजलं त्याचीही कारणं उघडी पडतात.

हिंगोलीने हॅट पाहिली नाही असं कुणी म्हणू नये. १८१९ ते १९०३ अशी चौऱ्याऐंशी वर्षं हे गाव हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होतं. फौज निजामाच्या खर्चाने पोसलेली, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. पलटण, तोफखाना, रिसाला बाजार, पेन्शनपुरा, सदर बाजार ही नावं अजून गावात पत्त्यावर लिहिली जातात. छावणी उठली, पेन्शनी गेले, नावं राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या बाजारातून घोड्यावरून जाणाऱ्या साहेबाच्या डोक्यावर सोला हॅट असे. बंगालच्या दलदलीत उगवणाऱ्या शोला नावाच्या झुडपाचा गाभा कापून, पातळ थर एकावर एक चिकटवून, वर कापड चढवून ती बनवत. हातात घेतली तर वजन जाणवत नाही, इतकी हलकी. गोऱ्या माणसाची कवटी हिंदुस्थानच्या उन्हाला टिकत नाही, सूर्याची किरणं मेंदूपर्यंत पोचतात, अशी त्या काळच्या वैद्यकाची ठाम समजूत होती. काही साहेब तर पाठीच्या कण्यावरही गादीसारखी पट्टी बांधून फिरत. दुसऱ्या महायुद्धात उघड्या डोक्याने लढणारे सैनिक काही मरून पडेनात, तेव्हा ही समजूत निकालात निघाली आणि तिच्याबरोबर ती हॅटही.

त्याच रस्त्यावर निजामाच्या कचेरीतले कारकून आणि अंमलदार रुमी टोपी घालून जात. लाल, ताठ, वर काळा गोंडा आणि सावलीच्या नावाने शून्य. मराठवाड्याच्या उन्हात ही टोपी का घालायची, याला हवामानाचं एकही कारण देता येत नाही. कारण दरबाराचं होतं. ती तुर्कस्तानच्या खलिफाकडे पाहून आलेली टोपी. पुढची गंमत अशी की, खुद्द तुर्कस्तानात केमाल पाशाने ऑगस्ट १९२५मध्ये कास्तामोनूला जाऊन पनामा हॅट घालून लोकांना दाखवली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कायदा करून रुमी टोपी बंद केली. काठाची हॅट सक्तीची झाली. तिथे टोपीपायी दंगे झाले, माणसं फासावर गेली. त्यानंतर सहा वर्षांनी, नोव्हेंबर १९३१मध्ये, निजामाच्या दोन मुलांची लग्नं देशोधडीला लागलेल्या तुर्की राजघराण्यातल्या मुलींशी लागली. ज्या देशाची टोपी तिथे ती घालणं गुन्हा, आणि परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कचेरीत ती घालणं शिस्त. हिंगोली तेव्हा परभणीतच होती. वेगळा जिल्हा व्हायला १९९९ उजाडावं लागलं.

तुर्कस्तानात लोकांचा हॅटला विरोध होता त्याचं एक कारण अगदी व्यवहारी होतं. नमाज पढताना कपाळ जमिनीला टेकवावं लागतं आणि काठ आडवा येतो. आपल्याकडे हे कारण कुणी बोलून दाखवलेलं नाही, पण मला ते इथेही खरं वाटतं. काठाची हॅट हे न वाकणाऱ्या माणसाचं शिरस्त्राण आहे. औंढ्याला नागनाथाच्या गाभाऱ्यात एकदा उतरून पाहा. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेने, उंच पायऱ्यांवरून, अंग चोरत, मान आत घेत खाली जावं लागतं. खाली गेल्यावरही नीट उभं राहायची सोय नाही. गांधी टोपीवाला तिथे टोपीसकट उतरतो आणि टोपीसकट वर येतो. मुंडासंवाल्याला वरच्या दगडाचा टोला बसला तरी लागत नाही. हॅटवाल्याने मात्र ती हातात धरायची की पिंडीजवळ ठेवायची? वडीलधाऱ्यांच्या पाया पडणं, दिंडीत एकमेकांच्या पायांना हात लावणं, पंगतीत मांडीला मांडी लावून बसणं, काळीपिवळी जीपमध्ये चौघांच्या जागेत सहा जणांनी मावणं, या सगळ्यात तीन इंचांचा काठ शेजाऱ्याच्या डोळ्यात जातो.

आणि डोकं हे नुसतं झाकण्याचं नव्हतं, वाहण्याचंही होतं. कडब्याची पेंढी, धान्याचं पोतं, खताची पाटी सगळं डोक्यावरून जायचं. मुंडासं हीच चुंबळ. तेच सोडलं की टॉवेल, पसरलं की पांघरूण, विहिरीवर दोर तुटला तर दोर, शेतात भाकरी बांधायला फडकं. या सगळ्यांसमोर हॅट म्हणजे एकाच कामाचं अवजार, आणि तेही दुमडता न येणारं. चांगल्या हॅटला ससा किंवा बीव्हर या जनावरांच्या केसांचा नमदा लागतो, तो लाकडी ठोकळ्यावर वाफेने बसवावा लागतो, ठेवायला डबा लागतो, आणि पावसाळ्यात बुरशी धरली की संपलं. इथल्या घरात खुंटी होती, डबा नव्हता.

गांधी टोपी याच्या नेमकी उलट. दोन बाजूंचे दोन तुकडे, वर मधली पट्टी, थोडी खळ. घडी घातली की सदऱ्याच्या खिशात. काकासाहेब कालेलकरांनी नोंदवून ठेवलं आहे की, गांधीजींनी निरनिराळ्या प्रांतांची शिरोभूषणं मनाशी तपासून शेवटी काश्मिरी टोपीवरून ही घडी बसवली. कापड कमी लागावं, खिशात मावावी, आणि पांढरी असल्यामुळे मळ दिसावा म्हणजे ती धुतली जाईल, असा त्यामागचा हिशेब. निजामाच्या राज्यात या टोपीला आणखी एक धार होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर १९३८मध्ये स्थापनेच्या आधीच बंदी आली. त्या काळात मराठवाड्यातल्या खेड्यात पांढरी टोपी घालून बाजाराला जाणं म्हणजे आपण कोणत्या बाजूचे हे न बोलता सांगणं होतं. १७ सप्टेंबर १९४८नंतर तीच टोपी सत्तेची झाली, मग सोसायटीच्या चेअरमनची झाली, मग टिंगलीची. टोपी तीच राहिली. खालची डोकी बदलत गेली.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी हा विषय काढला की बहुतेकांना ठाऊक नसते. ज्यांच्या नावाची ही बिनकाठाची टोपी, त्या गांधीजींना काठाची हॅट मनापासून पसंत होती. 'यंग इंडिया'त त्यांनी तसं लिहिलं आहे. त्यांचं म्हणणं असं की, आपला संकुचित राष्ट्रवाद हॅट पाहून बंड करतो, पण आतला विश्वबंधू सोला हॅटला युरोपने दिलेल्या मोजक्या चांगल्या देणग्यांत धरतो. लोकांच्या मनात हॅटविषयी एवढी जबर अढी नसती, तर तिचा प्रसार करणाऱ्या मंडळाचं अध्यक्षपद आपण घेतलं असतं. डोळ्यांवर सावली, मानेवर सावली, आत खेळती हवा, हे गुण त्यांना दिसत होते. उन्हातान्हात मैलोन् मैल चालणारा माणूस होता तो. काठाचा उपयोग त्याला कुणी शिकवावा लागणार नव्हता. पण ज्या डोक्यांवर ती टोपी चढवायची, त्या डोक्यांतली अढी त्यांनी ओळखली आणि विषय सोडून दिला. मिठाच्या बाबतीत सरकारशी भांडणारा माणूस हॅटच्या बाबतीत लोकांशी भांडला नाही.

ही अढी समजण्यासारखी होती. पेशवाईच्या आधीपासून मराठी कागदपत्रांत युरोपियनांचा उल्लेख 'टोपीकर' असाच होतो. 'आज्ञापत्रा'त फिरंगी, इंग्रज, वलंदेज सगळे त्याच एका शब्दाखाली येतात. परक्याची खूणच जर त्याच्या डोक्यावर असेल, तर ती आपल्या डोक्यावर कोण घेणार?

दोघांनी घेतली. दोघांनीही ती घेण्याला कारण होतं. हिंगोली जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात आज काठाच्या हॅटमधला पुरुष पाहायचा असेल तर रिक्षाच्या मागच्या काचेवर पाहावा : भगतसिंग. तो फोटो एप्रिल १९२९च्या सुरुवातीला, असेंब्लीत बॉम्ब टाकण्याच्या थोडं आधी, दिल्लीत मुद्दाम काढून घेतलेला. त्याच्या काही महिने आधी, डिसेंबर १९२८मध्ये, सॉन्डर्सच्या वधानंतर लाहोरहून निसटताना भगतसिंग साहेबी कपडे आणि हॅट घालून गाडीत चढले. सोबत मुलाला घेऊन दुर्गाभाभी, आणि सामान घेऊन नोकराच्या वेषात आपले खेडचे शिवराम हरी राजगुरू. पोलीस दाढी-पगडीवाला शीख तरुण शोधत होते. हॅटवाल्या साहेबाकडे पुन्हा वळून पाहायची त्यांची प्राज्ञा नव्हती. हॅटमध्ये केवढी सत्ता होती हे त्या एका प्रवासात कळतं. आणि त्या वेषांतरात मराठी माणसाच्या वाट्याला हॅट आली नाही, वळकटी आली, हेही ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सूट, टाय आणि हातात किंवा डोक्यावर हॅट, अशी त्यांची छायाचित्रं आहेत. ज्या समाजात कुणी पागोटं बांधायचं, कसं बांधायचं, पाटलासमोर ते कधी उतरवायचं हे जन्मावरून ठरत होतं, तिथे त्या यादीतलं काहीच डोक्यावर न घेता यादीबाहेरची वस्तू घेणं याचा अर्थ मराठवाड्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. काठ वाकू देत नाही, असं मी वर म्हटलं. इथे तो गुण होता. त्यांच्या साहेबी पोशाखावर नाक मुरडणारे तेव्हाही होते. ज्यांना स्वतःच्या पगडीचा मान वारशाने मिळालेला, त्यांनी मुरडलेलं ते नाक होतं.

मग स्वातंत्र्य आलं आणि हॅट गेली, हे झालं. पण तिच्या मागोमाग टोपीही गेली. त्याचं खापर लोक शिक्षणावर, सिनेमावर, शहरावर फोडतात. अमेरिकेतही केनेडींमुळे हॅट गेली असं सर्रास सांगतात. प्रत्यक्षात २० जानेवारी १९६१च्या शपथविधीला त्यांनी उंच रेशमी हॅट आणली होती. माझ्या मते इथे खरं कारण केसांत आहे. डोकं तासून शेंडी ठेवायची तेव्हा झाकण लागत होतं. केस राखायची रीत आली, सलूनात आरसे आले, आणि झाकण अडचणीचं झालं. सलूनवाल्याला पैसे मोजून बाजू बारीक आणि वर तुरा ठेवून आलेल्या पोराला टोपी घाल म्हणणं म्हणजे त्याचे पैसे बुडवणं आहे. त्यात मोटारसायकल आली. ताशी पन्नासच्या वेगात गांधी टोपी मागे उडते, आणि हॅट तर घराबाहेरच्या वळणावरच.

आज मोंढ्यात उभं राहिलं की वयाची गणती डोक्यावरून करता येते. पांढरी टोपी म्हणजे साठीच्या पुढे. केस काळे केलेलं उघडं डोकं म्हणजे चाळीस-पन्नास. छज्ज्याची टोपी उलटी फिरवलेली म्हणजे विशीच्या आतबाहेर. आणि ऊन चढलं की तिघांच्याही खांद्यावरची दस्ती किंवा टॉवेल डोक्यावर. गांधी टोपी आता मुख्यतः मानपानाचं चलन आहे. लग्नात, सत्कारात, दहाव्याला टोपी-टॉवेल-नारळ दिला जातो. ती टोपी इतकी पातळ की आरपार दिसावं. यजमान ती पाहुण्याच्या डोक्यावर ठेवतो, फोटो निघतो, पाहुणा ती काढून टॉवेलाच्या घडीत सरकवतो, आणि मंडप उठल्यावर खुर्च्यांखाली चार-दोन तरी सापडतात. डोक्यावर टिकते ती अशी अर्ध्या मिनिटापुरती.

हॅटची आजची ठिकाणं याहून मजेची. महाबळेश्वरला उतरलेला आपला माणूस पहिल्या तासात हॅट घेतो, पॉइंटावर फोटो काढतो आणि पसरणी घाट उतरून वाई लागायच्या आत ती मागच्या सीटवर टाकतो. गावात ती कुणी पाहता कामा नये. प्री-वेडिंगच्या फोटोंत नवरदेव हॅट घालतो, लग्नात फेटा. जत्रेत लहान पोरांना काऊबॉय हॅट मिळते. क्रिकेटने तिला काही काळ प्रतिष्ठा दिली. वेस्ट इंडिजचे तोफखाने समोर असताना गावसकर पांढरी सुती हॅट घालून खेळले, पण त्यातून आपण फलंदाजी घेतली, हॅट नाही घेतली. सगळ्यांत चिवट निघाली ती ठिपक्यांची लष्करी हॅट, हनुवटीखाली दोरीवाली, रस्त्याकडेला टांगलेली. हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे, भरतीसाठी पहाटे पळणारी मुलं आहेत. तेव्हा ही हॅट इथे परकी वाटत नाही. कंटिन्जंटच्या गावात काठ पुन्हा शिरला तर तो असाच, फौजेच्या दाराने शिरेल.

पण मला त्याची वाट फॅशनमधून दिसत नाही, उन्हातून दिसते. एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. या जिल्ह्याचं नगदी पीक हळद, आणि तिची काढणी, शिजवणी, वाळवणी नेमकी फेब्रुवारीपासून पुढे, तापत्या उन्हात. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात तिची बिटं होतात. ती हळद खळ्यावर पसरणारा माणूस मात्र उन्हात तसाच उभा. एकीकडे हळद शिजवायच्या कुकरची वाफ, दुसरीकडे वरून ऊन.

इथे दस्ती आणि काठ यांची तुलना पक्षपात न करता करायला हवी. वारा सुटला, धूळ उडाली, हळदीच्या पॉलिशच्या ढोलाजवळ उभं राहायचं असलं की दस्तीला तोड नाही. कान झाकते, नाक झाकते, भिजवून बांधली की गार. झळांमध्ये काठाची हॅट कान उघडे टाकते. पण एका जागी उभं राहून, खाली वाकून, तासन् तास करायच्या कामात काठ जिंकतो. चेहरा, मान, डोळे एकाच वेळी सावलीत राहतात आणि श्वास कोंडत नाही. उन्हातली अतिनील किरणं मोतीबिंदूला हातभार लावतात, हे वैद्यक आता मानतं. छज्ज्याच्या टोपीचा उपयोग फक्त समोरून, आणि ती उलटी घातली तर तोही नाही. ऑस्ट्रेलियात मोठ्यांच्या हॅटचा काठ निदान साडेसात सेंटिमीटर असावा असं सांगतात, आणि तिथल्या अनेक शाळांत हॅट नसेल त्या मुलाला मधल्या सुट्टीत उन्हात खेळू देत नाहीत. आपल्या जिल्हा परिषद शाळांच्या गणवेशात टोपी होती तेव्हाही तिला काठ नव्हता.

आणि कारागिरी? ती कमी पडेल असं मला वाटत नाही. ज्या हॅटला जग पनामा म्हणतं ती पनामाची नाहीच, इक्वेडोरची. तिथल्या टोकिया नावाच्या झाडाच्या पात्यांची विणलेली. युनेस्कोने २०१२मध्ये त्या विणकामाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत बसवलं. आपल्या ओढ्याकाठी शिंदी उभी आहे. तिच्या पात्यांचे फडे आणि चटया करणारे हात अजून आहेत, त्यांना भाव मिळत नाही एवढंच. आणि शिंप्यांची तर ही भूमीच. नामदेव महाराज शिंप्याच्या घरचे, त्यांचं नरसी याच जिल्ह्यात. टोपी शिवणाऱ्याला काठ लावणं अवघड नाही. आतमध्ये कॅनव्हास घालून चार-पाच गोल टिपा मारल्या की सुती काठ ताठ राहतो, आणि घडी घालून खिशातही जातो. साहेबाच्या हॅटला न जमलेली गोष्ट ही. माझं मत मागाल तर नमद्याची ऐटबाज हॅट हिंगोलीत कधीही येणार नाही, आणि न आल्याने कुणाचं काही अडणार नाही. सुती किंवा शिंदीची, धुता येणारी, हनुवटीखाली बंद असलेली हॅट येऊ शकते. डोक्यावरून ओझं वाहणं ट्रॅक्टरने संपवलं, टोपीवरून माणसाची बाजू ठरवणं कधीच संपलं. अडवणारं फारसं काही उरलेलं नाही. उरलं आहे ते लोकांचं हसू.

तेवढ्यासाठी वाचकाला एक विनंती. पुढची पानं वाचून झाली की आपल्या ओळखीच्या शिंप्याकडे जा. मांजरपाट किंवा जाड खादी घ्या, काठ पुरता तीन इंच ठेवायला सांगा, हनुवटीखाली बंद लावून घ्या, आणि दोन शिवा : एक स्वतःला, एक शेतात कामाला येणाऱ्या गड्याला. दोन्ही एकाच कापडाच्या असू द्या. हळदीची काढणी फेब्रुवारीत सुरू होते; संक्रांतीच्या आत शिवायला टाकल्या तर वेळेवर मिळतील.